मुलगा बहिणीची ‘व्हॅल्यू’ काढू लागला, तेव्हा

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला; मुलगी अकरावीत. वर्षभरापूर्वी वर्गातल्या एका मुलीने त्याला नकार दिला. तेव्हापासून तो रात्री दोन-तीन वाजेपर्यंत मोबाइलवर असतो. अल्फा-बीटा, रेड पिल असं काहीबाही बोलतो. परवा जेवताना बहिणीला म्हणाला, “पंचविशीनंतर तुझी मार्केट व्हॅल्यू शून्य.” ती ताटावरून उठून गेली. हे वयाचं खूळ आहे की आजार? मोबाइल काढून घ्यावा का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मुलाबद्दल पुष्कळ आहे आणि मुलीबद्दल एकच वाक्य आहे : ती ताटावरून उठून गेली. मी तिथूनच सुरुवात करते. आज रात्री तिच्या खोलीत जाऊन बसा. ‘दादाचं मनावर घेऊ नकोस’ असं अजिबात म्हणू नका. तो बोलला ते चुकीचं होतं आणि मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, एवढंच म्हणा. बावीस वर्षं मी पुण्यात समुपदेशन करते आहे. अशा घरांतून माझ्याकडे मुलगा येतो. त्याच्यासाठी रजा काढली जाते, फी भरली जाते. आणि जिच्यावर हे रोज आदळतं ती मुलगी ‘समजूतदार’ ठरून घरी गप्प बसलेली असते. तिला आधी विचारा की हे किती दिवस चाललंय. बहुतेक वेळा उत्तर आईवडिलांच्या अंदाजापेक्षा मोठं निघतं.

आता मुलाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा आजार म्हणता येणार नाही. पण वयाचं खूळ म्हणून सोडून द्यावं असंही मला वाटत नाही. त्याला एक खरी जखम झाली आहे, आणि त्या जखमेवर त्याने भलत्याच ठिकाणचं औषध लावलं आहे. ते लावल्यावर पहिले काही दिवस खरोखर बरं वाटतं, म्हणून तर ते सुटत नाही.

रात्री तो ज्या जगात असतो त्याला ढोबळपणे मॅनोस्फिअर म्हणतात. त्यात एकमेकांशीही न पटणारे गट आहेत : मुली ‘पटवण्याच्या’ युक्त्या विकणारे, बायकांपासून लांबच राहा म्हणणारे, पुरुषांच्या हक्कांच्या नावाने बोलणारे, आणि स्वतःला इन्सेल म्हणवणारे, म्हणजे इच्छा असूनही आपल्याला कुणी जोडीदार मिळू देत नाही अशी ज्यांची धारणा झाली आहे ते. ‘रेड पिल’ हा शब्द १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ या चित्रपटातून उचललेला आहे. तिथे लाल गोळी घेतली की जगाचं खरं रूप दिसतं. इथे ‘खरं रूप’ म्हणजे बायका स्वार्थी असतात, हे. ‘ब्लॅक पिल’ त्याच्याही पुढची. तुझी उंची, तुझा जबडा जन्मतः ठरला, आता काही केलंस तरी उपयोग नाही, असं ती सांगते. तुमचा मुलगा यातल्या कुठल्या पायरीवर आहे हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. रेड पिलवाला मुलगा जगावर चिडलेला असतो. ब्लॅक पिलवाला स्वतःच्या जगण्यावरच काट मारायला निघालेला असतो, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते.

इन्सेल या शब्दाची कहाणी मला दर वेळी हलवून जाते. १९९७ च्या सुमारास टोरांटोमधल्या एका विद्यार्थिनीने एकाकी माणसांसाठी एक संकेतस्थळ सुरू केलं. स्त्री-पुरुष दोघांसाठी. ज्यांना प्रेम, सोबत मिळत नाही त्यांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावं, एवढाच हेतू होता. शब्द तिथून निघाला. पुढे ती त्या कामातून बाजूला झाली आणि शब्द भलत्यांच्या हाती गेला. एप्रिल २०१८ मध्ये त्याच टोरांटो शहरात एकाने भाड्याची व्हॅन पादचाऱ्यांच्या अंगावर घातली. त्या दिवशी दहा माणसं गेली. त्याआधी काही मिनिटं त्याने फेसबुकवर इन्सेलांच्या बंडाचा जयजयकार केला होता. एकटेपणाची जागा द्वेषाने अशी बळकावली.

हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. तिथे जाणारी बहुसंख्य मुलं आयुष्यात कुणावर हात उचलत नाहीत. ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या ५६१ इन्सेलांचा अभ्यास २०२४ मध्ये मांडला. त्यात ठळकपणे दिसलं ते नैराश्य, चिंता, एकटेपणा. माझ्या खोलीत येणाऱ्या मुलांतही मला आधी तेच दिसतं, आणि मग हळूहळू वरचा राग.

“पण तो मुळात तिथे गेलाच कसा?” हे पालक नेहमी विचारतात. तो गेला नाही, त्याला नेलं गेलं. मुलं द्वेष शोधत नाहीत. ती शोधतात ‘आत्मविश्वास कसा वाढवायचा’, ‘जिम सुरू कशी करायची’, ‘तिने रिप्लाय का दिला नसेल’. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांसारखी खाती टिकटॉकवर चालवून पाहिली. स्त्रीद्वेष्ट्या व्हिडिओंचं प्रमाण पाच दिवसांत १३ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेलं. डब्लिन सिटी विद्यापीठाने टिकटॉक आणि यूट्यूब शॉर्ट्सवर असाच प्रयोग केला. तिथे मुलाच्या नावाने उघडलेल्या प्रत्येक खात्यावर पहिल्या तेवीस मिनिटांतच असा मजकूर येऊन थडकला. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण रील्स आणि शॉर्ट्स आहेतच, आणि कशावर बोट किती वेळ थांबलं ते तीही मोजतात.

आता आत काय घडतं ते सांगते, कारण खरा उपाय तिथेच आहे. नकार मिळाला की मुलाला दुःख होतं, पण त्याहून जास्त होते ती लाज. चारचौघांत आपण कमी पडलो. मुलग्यांना लाज बोलून दाखवायची सवय आपण लावलेलीच नसते. ‘पोरीसारखा रडतोस काय’ हे वाक्य किती घरांत अजून जिवंत आहे! मग एखादा दणकट आवाजाचा माणूस पडद्यावरून सांगतो, “चूक तुझी नाही. त्या सगळ्या तशाच असतात.” त्या क्षणी छातीवरचा दगड उतरतो. लाजेचा राग होतो, आणि राग सहन करणं लाज सहन करण्यापेक्षा खूप सोपं असतं. पुढची पायरी तुच्छतेची. रागात निदान समोरचं माणूस दिसत असतं, तुच्छतेत ते दिसेनासं होतं.

हे भाषेत फार लवकर उमटतं. नीट ऐकलंत तर तुमच्याही लक्षात येईल. चांगलं मराठी बोलणारा मुलगा मधेच ‘मुलगी’ऐवजी ‘फीमेल’ म्हणायला लागतो. ‘फीमेल्सना असंच लागतं.’ मग दहापैकी गुण येतात, ‘ती सहा आहे’. मग ‘मार्केट व्हॅल्यू’. ज्याला नाव, आवडनिवड, मूड, परीक्षा, पाळीचं दुखणं आहे अशा माणसाला आकडा चिकटवला की त्याच्याशी कसंही वागायला मन मोकळं होतं. आणि कुणी हटकलं की ‘मस्करी करत होतो’ ही पळवाट तयारच असते.

या विचारात शिरलं की बाहेर पडायची दारं आतूनच बंद होत जातात. मुलीने दुर्लक्ष केलं तर, ‘बघा, सिद्ध झालं.’ ती नीट बोलली तर, ‘काहीतरी काम असेल.’ एखादा मित्र म्हणाला की माझी मैत्रीण तशी नाही, तर तो ‘सिम्प’, म्हणजे मुलींपुढे झुकणारा. आपल्याकडे याला ‘बायल्या’ हा जुना शब्द होताच. जो गट सोडून जरा सावरायला लागतो त्याची सगळ्यात जास्त टर उडवली जाते. काही गटांत तर ‘आता संपवून टाक स्वतःला’ असं एकमेकांना सहज म्हटलं जातं, आणि ते ऐकणारा त्या रात्री एकटा असतो.

त्यांच्या ‘शास्त्रा’बद्दलही थोडं सांगते, म्हणजे वाद निघाला तर तुम्ही गोंधळणार नाही. त्यांच्या भाषेत ‘अल्फा’ म्हणजे सगळ्यांवर हुकूम चालवणारा पुरुष, ‘बीटा’ म्हणजे दबून राहणारा, आणि दाखला लांडग्यांच्या कळपाचा. अल्फा लांडगा ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाच्या १९४७ च्या निरीक्षणांतून आली. ते लांडगे प्राणिसंग्रहालयातले होते, एकत्र कोंडलेले, एकमेकांना अनोळखी. ती कल्पना लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. ‘अल्फा’ म्हणजे नुसते आईबाप. आणि ‘८० टक्के मुली फक्त वरच्या २० टक्के मुलांच्या मागे असतात’ हे वाक्य? ८०-२० चं सूत्र ज्या पारेतो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाच्या नावावर आहे तो इटलीतल्या जमिनीच्या मालकीबद्दल बोलत होता. कर्वेनगरपासून नऱ्ह्यापर्यंतच्या सोसायट्यांत साध्या चेहऱ्याचे, साध्या पगाराचे हजारो संसार चालू आहेत. त्या सगळ्यांना मुली कुठून मिळाल्या, हे त्याला एकदा मोजायला सांगा. पण हा वाद जेवणाच्या टेबलावर जिंकायला जाऊ नका. तो हरला तर त्याला पुन्हा लाजच वाटेल, आणि लाज वाटली की तो त्याच गटाकडे जाईल.

हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे असं समजून मोकळं होणं मला पटत नाही. शब्द बाहेरचे आहेत, पण जमीन आपली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. तेव्हाची ती बाळं आज कॉलेजात आहेत. तुमचा मुलगा त्याच मोजणीतला. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्यांची जागा आज या मुलांना रिकामी दिसते, आणि तिचा राग ते जिवंत असलेल्या मुलींवर काढतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. पुष्कळ लोक हसले. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा अशी मागणी केली. दुःख तेच होतं. त्यांनी त्याचं कारण बरोबर ओळखलं होतं.

नवी पेठेतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय अठ्ठावीस, मराठवाड्यातून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेच्या मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला आणि त्याच्याच ग्रुपमधल्या एका मुलीचं नाव यादीत आलं. तिथून ‘तीस टक्के आरक्षण’, ‘पोरींना सगळं फुकट’ सुरू झालं, आणि रात्री तोच मोबाइल. गावाकडे सोयरीक बघायला गेलं की पहिला प्रश्न नोकरीचा, दुसरा जमिनीचा. पहिले तीन आठवडे तो माझ्याशी फक्त बायकांबद्दल बोलला. चौथ्या वेळी मी विचारलं, “कुणाबरोबर बसून शेवटचं कधी जेवलास?” तो बराच वेळ गप्प राहिला. दिवाळीपासून तो मेसचा डबा खोलीवर आणून एकटाच खात होता. मग रडला. त्या मुलीसाठी नाही. गावात कुणी विचारलं तर आई हल्ली ‘पोरगं पुण्याला असतं’ एवढंच सांगते, काय करतो ते सांगत नाही, म्हणून रडला. आम्ही पहिलं ठरवलं ते इतकंच, की रात्रीचा डबा बंद आणि मेसमध्ये जाऊन बसायचं. तो आजही कधी कधी बोलताना घसरतो. पण घसरल्याचं आता त्याचं त्याला कळतं.

पुरुषांचं दुःख खोटं नाही, हे मी ठामपणे म्हणते. देशात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात दर दहांत सात पुरुष होते, आणि राज्यांत सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. खोट्या तक्रारींची भीतीही निव्वळ कल्पना नाही. हुंड्याच्या छळाच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे. मुलगा हे बोलला तर ऐकून घ्या. पण यातल्या कुठल्याच दुःखातून बहिणीची किंमत काढायचा अधिकार मिळत नाही. त्याचं दुःख सगळं ऐकायचं आणि तुच्छतेला एक शब्दही सूट द्यायची नाही, ही तारेवरची कसरत तुम्हाला काही महिने करावी लागेल.

मुलींवर याचा परिणाम गाजावाजा न होता होतो, म्हणून तो मोजला जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुली सांगतात : खातं लॉक केलं, वर्गाच्या ग्रुपवर बोलणं बंद केलं, फोटो टाकणं सोडलं, संध्याकाळची अभ्यासिका बदलली. कुणी ‘तुझा फोटो एआयवर टाकीन’ म्हटलं की ते खरं असो-नसो, झोप उडते. जानेवारी २०२२ मध्ये बुल्ली बाई नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. अटक झालेल्यांत विशीच्या आसपासची मुलं होती, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, आणि एक तरुणीही होती. चांगल्या घरातलं, हुशार पोर असं करणार नाही, हा समज मी तेव्हापासून पूर्ण सोडला. आपल्या शहराला तर हे फार जुनं माहीत आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. मुलींनी वर्गात येऊच नये हाच त्यामागचा हेतू होता, आणि आज मुलगी ग्रुप सोडून जाते तेव्हा तोच साधला जातो.

मोबाइल काढून घेऊ नका. एकोणीस वर्षांच्या मुलाचा मोबाइल काढला की तो दुसरा मिळवतो, आणि तुमच्याशी बोलण्याचा रस्ता मात्र बंद होतो. त्यापेक्षा झोपेबद्दल बोला. रात्री बारानंतर घरातले सगळे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचा आणि त्याच्या बाबांचाही. पहाटे तीनला माणसाला जे खरं वाटतं ते सकाळी आठला तितकं खरं वाटत नाही. त्या मुलीच्या नकाराबद्दल एकदा तरी नीट विचारा, सल्ला न देता. “तेव्हा कुणाशी बोलावंसं वाटलं होतं का रे?” एवढं पुरे. कदाचित तो उत्तर देणार नाही. पुढच्या आठवड्यात गाडीवरून कुठेतरी जाताना आपणहून सांगेल. मुलं समोरासमोर बसून कमी बोलतात, शेजारी बसून जास्त.

आणि घरात एक नियम स्पष्ट करा : बहिणीचं शरीर, वय, लग्न यावर या घरात कुणीही शेरे मारणार नाही. मोडला तर जेवण तिथेच थांबवा आणि त्याला उठायला सांगा. परवा ती उठली होती.

तुमच्या पत्रात मुलाच्या बाबांचा उल्लेखच नाही. हे काम त्यांचं जास्त आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बायको म्हणजे’ छापाचे विनोद रोज फिरतात, आणि मुलगा ते लहानपणापासून वाचत आलेला असतो. बाबांनी ते पाठवणं थांबवावं आणि थांबवल्याचं मुलाला सांगावं. त्यांनाही कुणीतरी कधी नाही म्हटलं असेल, कधी ते नोकरीत मागे पडले असतील. त्या वेळी ते कसे सावरले, की सावरलेच नाहीत, हे त्यांनी मुलाला सांगितलं तर माझ्या चार बैठकांचं काम होईल. पुरुषांनी पुरुषांशी असं बोलावं म्हणून विद्या बाळ यांनी पुण्यात पुरुष संवाद केंद्र सुरू केलं होतं. मुंबईची ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून तरुण मुलग्यांबरोबर काम करते आहे.

मुलींशी बोलायला शिकवणारे क्लास नकोत. मुलगे-मुली मिळून घाम गाळतात अशी जागा शोधा. पुण्यात त्या भरपूर आहेत : ढोल-ताशा पथकाचा सराव, कॉलेजच्या एकांकिकेचं बॅकस्टेज, ट्रेकिंगचा ग्रुप. पथकात शेजारची मुलगी ‘किती गुणांची’ आहे हे महत्त्वाचं नसतं, तिचा ठेका चुकतोय की आपला हे असतं. मुलींशी सहज वागायची सवय अशीच होते. माझ्या अनुभवात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झालेला नाही.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वाट पाहू नका. एका ठरावीक मुलीचं नाव सतत येणं, तिचं वेळापत्रक त्याला माहीत असणं, तिचे स्क्रीनशॉट साठवलेले असणं, हल्लेखोरांचं कौतुक, ‘तिला दाखवतोच’ अशी भाषा. किंवा याच्या उलट, एकदम शांत होणं, वस्तू वाटून टाकणं, ‘आता काही अर्थ नाही’ म्हणणं. मरणाबद्दल त्याला थेट विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर ११२. एखाद्या मुलीचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तुमचाच मुलगा असला तरी तो थांबवणं आणि त्या मुलीला सुरक्षित ठेवणं तुमच्याकडे येतं. तुमच्या मुलीला कुणी धमकी किंवा फोटो पाठवला तर तो पुसू नका. आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा.

त्याला माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे आणायचं असेल तर ‘तुला सुधारायला’ असं म्हणू नका, झोप लागत नाही म्हणून जाऊ या असं म्हणा; ते खोटंही नाही. पण पहिली वेळ मुलीसाठी घ्या. तिला एकटीलाच येऊ द्या, आणि बाहेर आल्यावर काय बोललीस ते विचारू नका.